मलावीची सफारी ठरवताना तिकीट शेवटी काढा

वर्षातून दोन-तीनदा ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. वाक्य ठरलेलं: "मलावीची तिकिटं स्वस्तात मिळाली, काढून टाकली. आता काय काय बघायचं ते सांग." एका कुटुंबाने अशीच फेब्रुवारीची तिकिटं काढली होती, राजधानी लिलाँग्वेला उतरून लिलाँग्वेहूनच परत. भर पावसात गवत डोक्याएवढं, त्यात प्राणी शोधायचे. शिवाय शेवटचा अख्खा दिवस दक्षिणेतून विमानतळ गाठण्यात गेला. मुंबईत उतरल्यावर यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड कुठे आहे, हा प्रश्न आला तो वेगळाच.

चुका त्याच त्याच होतात, कारण क्रम उलटा असतो. आधी महिना, मग मार्ग, मग मुक्काम, आणि त्यानंतर तिकीट. तयारीला किमान चार महिने हाताशी ठेवा. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जायचं असेल तर आठ. जंगलातली लॉज मोजकी आहेत आणि खोल्या त्याहून मोजक्या.

## टप्पा १: महिना ठरवा

मलावी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे ऋतू आपल्या उलट. साधारण नोव्हेंबरअखेर पाऊस सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. मे ते ऑगस्ट कोरडा आणि गार, सप्टेंबर ते नोव्हेंबर कोरडा आणि तापलेला.

आपल्या सुट्ट्यांवर हे बसवून पाहू.

मे महिना: पाऊस संपलेला, हवा सुखद, सगळं हिरवं. पण गवत अजून उंच असतं आणि जंगलात जागोजागी पाणी असल्याने प्राणी पांगलेले असतात. पोरांच्या सुट्टीमुळे हाच महिना हवा असेल तर शेवटचा आठवडा धरा आणि लिवोंडे राष्ट्रीय उद्यानात एक रात्र वाढवा.

दिवाळी: प्राणी बघायला ऑक्टोबरसारखा महिना नाही. आतले पाणवठे आटतात आणि हत्तींचे कळप शिरे नदीच्या काठाला येतात. पण उकाडा जबर. माजेते अभयारण्य शिरेच्या खालच्या खोऱ्यात आहे, तिथे पारा चाळिशी ओलांडतो. विदर्भातल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, सोबत आजी-आजोबा असतील तर मात्र विचार करा. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर आली असेल तर पाऊस लवकर सुरू होण्याची शक्यता गृहीत धरा.

नाताळ: सफारीसाठी नको. कच्चे रस्ते चिखलात रुततात, काही लॉज पावसाळ्यात बंदही असतात. फक्त पक्षी बघायचे असतील तर गोष्ट वेगळी.

सरोवरासाठी आणखी एक हिशेब आहे. मे ते ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून 'म्वेरा' नावाचा वारा सुटतो आणि मलावी सरोवर समुद्रासारखं खवळतं. दोन-दोन दिवस बोटी निघत नाहीत. जून-जुलैत जाणार असाल तर सरोवरावर एकच रात्र ठेवू नका. ती वाऱ्याने खाल्ली तर हाती काही उरत नाही.

तपासा: महिना ठरला तो प्राण्यांमुळे, सुट्टीमुळे की स्वस्त तिकिटामुळे? तिसरं उत्तर असेल तर थांबा.

## टप्पा २: मार्ग कागदावर काढा, एकाच दिशेने

मलावी हा उभा, चिंचोळा देश आहे. सरोवर उत्तर-दक्षिण जवळजवळ ५८० किलोमीटर पसरलंय. नकाशावर सगळं जवळ दिसतं आणि तिथेच माणूस फसतो.

पहिल्या खेपेला दक्षिणेतून सुरू करून मध्यात संपवा:

ब्लँटायर १ रात्र → माजेते २ → लिवोंडे ३ → केप मॅक्लियर (सरोवरकाठी) ३ → लिलाँग्वे १. एकूण दहा रात्री.

ब्लँटायर ते माजेते सुमारे ७० किलोमीटर, दीड-दोन तास. माजेते ते लिवोंडे चार तास धरा. लिवोंडेहून मांगोची, मंकी बे करत केप मॅक्लियर तीन तास, आणि तिथून लिलाँग्वे साडेचार-पाच तास. वाटेत पोलिसांची नाकी लागतात आणि रस्ता खराब असू शकतो, म्हणून प्रत्येक टप्प्यात एक तास जास्तीचा धरा.

जंगल आधी आणि सरोवर नंतर, हा क्रम बदलू नका. जंगलात रोज पहाटे उठायचं असतं. सरोवरावर तीन दिवस लोळून आलेल्या माणसाला पहाटे पाचला उठवून बघा, म्हणजे कळेल.

प्राण्यांबद्दलच्या अपेक्षाही आत्ताच ठरवून घ्या. टांझानियातल्या सेरेंगेटीसारखे लाखो विल्डबीस्ट (एक प्रकारची हरणं) इथे नाहीत. लिवोंडे सुमारे ५५० चौरस किलोमीटरचं, माजेते ७०० च्या आसपास. सिंह, हत्ती, बिबट्या, गेंडा आणि रानम्हैस ही पाचही नावं वहीत उतरवायची असतील तर माजेते. हत्ती, पाणघोडे आणि मगरी भरपूर बघायच्या असतील, तेही बोटीतून, तर लिवोंडे. माजेतेतले बहुतेक आणि लिवोंडेतले काही प्राणी बाहेरून आणून सोडलेले आहेत: माजेतेत सिंह २०१२ मध्ये आले, लिवोंडेत चित्ते २०१७ मध्ये आणि सिंह २०१८ मध्ये. त्यामुळे सिंह-चित्त्यांची संख्या मर्यादित आहे. दिसतात, पण मागवल्यासारखे दिसत नाहीत.

इशारा: उत्तरेचं न्यिका पठार या दहा दिवसांत कोंबू नका. जायला-यायला मिळून दोन-तीन दिवस जातात, वरचा रस्ता खडतर आहे आणि जून-जुलैत रात्री दहिवर गोठतं. न्यिकासाठी वेगळी सहल करा.

दुसरा इशारा: बरेच जण झांबियातलं साउथ लुआंग्वा जोडतात. जंगल म्हणून ते मोठंच आहे, पण सीमा ओलांडून मलावीत परत यायचं असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालणार नाही. हे आत्ता ठरवा, व्हिसा हातात पडल्यावर नको.

## टप्पा ३: लॉजचं दरपत्रक ओळ न् ओळ वाचा

ताडोब्याची सवय असलेल्यांचा इथे घोळ होतो. आपल्याकडे खोली वेगळी, गेटचं बुकिंग वेगळं, जिप्सी आणि गाइड वेगळे. मलावीत जंगलाच्या आत राहायचं असेल तर सगळं बहुधा लॉजच्या गळ्यात असतं: त्यांचीच उघडी गाडी, त्यांचाच गाइड, तिन्ही वेळचं जेवण. पण 'सगळं' म्हणजे काय, ते प्रत्येक लॉज वेगळं सांगतं.

दरपत्रक हाती आलं की हे प्रश्न लेखी विचारा:

- दर माणशी आहे की खोलीमागे? बहुतेक ठिकाणी तो माणशी असतो. हे न बघता जोडप्याने अर्ध्याच पैशांचा हिशेब केलेला मी पाहिलाय.
- दिवसाला किती फेऱ्या धरल्या आहेत? साधारण पहाटे एक आणि दुपारी एक असते. बोटीची फेरी त्यातलीच की वेगळ्या पैशांची?
- उद्यानाचं प्रवेशशुल्क आत धरलंय का? ते माणशी आणि दिवसागणिक लागतं.
- गाडीत किती माणसं बसवणार?
- लहान मुलांना गाडीत आणि पायी सफारीत किमान वय किती?
- रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील आणि कोणत्या तारखेपर्यंत?

तिन्ही ठिकाणची तीन लॉज स्वतः बुक करायची की तिथल्या स्थानिक सहल कंपनीकडे सोपवायचं? माझं मत: पहिल्या खेपेला कंपनी. कारण डिझेल. परकीय चलनाच्या टंचाईमुळे गेल्या काही वर्षांत मलावीत इंधनाचा तुटवडा वारंवार झालाय. पंपावर रांगेत सहा तास उभं राहायचं ते त्यांच्या ड्रायव्हरने राहावं. "टंचाई असेल तर इंधनाची सोय तुमची का?" एवढं एक वाक्य लेखी घ्या.

स्वतः गाडी चालवणार असाल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच आरटीओतून काढून न्या. अंधार पडल्यावर मात्र चालवू नका. दिवे नसलेल्या सायकली, शेळ्या आणि बंद पडलेले ट्रक रस्त्यावरच असतात.

तपासा: लिवोंडेतल्या काही लॉजकडे जाताना गाडी शिरेच्या पश्चिम काठाला ठेवून बोटीने पलीकडे जावं लागतं. शेवटची बोट किती वाजता ते विचारा. अंधारात पोहोचलात तर पंचाईत.

## टप्पा ४: आता तिकीट

मुंबईहून थेट विमान नाही. सोयीचे मार्ग दोन: अदिस अबाबा किंवा नैरोबी. तिकीट शोधताना 'जाऊन-येऊन' हा पर्याय सोडा आणि अनेक शहरांचा पर्याय निवडा: मुंबई ते ब्लँटायर, परत लिलाँग्वे ते मुंबई. थोडे जास्त पैसे पडले तरी एक अख्खा दिवस आणि ३०० किलोमीटरचा परतीचा फेरा वाचतो.

संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली तर बॅगा मध्ये उतरवून घ्याव्या लागतात, त्यासाठी मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो आणि पहिलं विमान चुकलं तर दुसरं तिकीट बुडतं.

मधला थांबा बारा तासांच्या आत ठेवा. का, ते पुढच्याच टप्प्यात.

## टप्पा ५: लस आणि गोळ्या

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर मलावीत नाही, म्हणून लोक लस घेत नाहीत. पण तुम्ही ज्या इथिओपिया किंवा केनियातून जाता, ते देश पीतज्वराच्या यादीत आहेत. त्या देशांत बारा तासांहून जास्त थांबून आलेल्या प्रवाशाकडे मलावी लसीचं प्रमाणपत्र मागते.

आणि खरी कडक बाजू आपल्या घरची आहे. यादीतल्या देशातून येणाऱ्याकडे कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. विमानतळाबाहेर न पडलेल्यांना सवलत मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याने मान्य केली तर. परत येताना पहाटे तीन वाजता त्या अधिकाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा आधीच टोचून घ्या.

लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते. त्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. केंद्रांचे वार ठरलेले असतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. मूळ पासपोर्ट न्या आणि कार्डावरचा नंबर नि नावाचं स्पेलिंग तिथेच जुळवून पाहा. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. निघायच्या आदल्या आठवड्यात टोचून घेतलेलं कार्ड त्या सहलीला कागदाचा तुकडाच.

इशारा: ही जिवंत लस आहे. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. नऊ महिन्यांखालच्या बाळांना ती देत नाहीत.

मलेरिया मात्र मलावीत सगळीकडे आहे, बाराही महिने, आणि तोही जीवघेण्या फाल्सिपेरम जातीचा. "आम्ही मुंबईत डासांत वाढलो" हा युक्तिवाद त्या डासांना कळत नाही. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच घ्या, पण त्यांचं वेळापत्रक समजून घ्या. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते आणि परतल्यावर सात दिवस चालते. डॉक्सिसायक्लिनही एक-दोन दिवस आधीच सुरू होते, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. पहिली गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात असेलच असं नाही, महिनाभर आधी सांगून ठेवा.

घरी आल्यावर "आता कसला मलेरिया" म्हणून गोळ्या मध्येच सोडणं, ही चूक मी स्वतः केली आहे. सुदैवाने काही झालं नाही. तुम्ही करू नका.

प्रवास विम्यात रुग्णाला विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च आहे का, ते बघा. गंभीर प्रसंगी रुग्णाला जोहान्सबर्गला नेतात आणि तो खर्च खिशातून झेपणारा नसतो.

## टप्पा ६: व्हिसा

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढूनच जा. अर्ज मलावी सरकारच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर होतो. त्याच्यासारखंच दिसणाऱ्या खासगी दलालांच्या साइट शोधात वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी मलावी सरकारचंच नाव आहे ना, ते पाहून मग पुढे जा. नियम आणि शुल्क बदलत असतात, त्यामुळे कुणाच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

लागतात ते: पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत, फोटो, परतीचं तिकीट, मुक्कामाची बुकिंग. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने उरलेली हवी आणि दोन-तीन कोरी पानं हवीत. निघण्याआधी चार आठवडे अर्ज करा आणि मंजुरीच्या दोन छापील प्रती काढा. विमानतळावर मोबाइलचं नेटवर्क मिळेपर्यंत रांग पुढे सरकलेली असते.

## टप्पा ७: पैसे

चलन क्वाचा. सगळ्यात मोठी नोट ५,००० क्वाचांची, आणि तिची किंमत चहा-नाश्त्यापुरतीच, म्हणून रोख म्हणजे चक्क गठ्ठे. एटीएम एका वेळी थोडेच पैसे देतं, कधी रिकामंही असतं. जंगलातल्या लॉजमध्ये कार्ड बहुधा चालतं, पण वीज आणि नेटवर्क दोन्ही असेल तेव्हा.

डॉलर रोख न्या. नोटा २०१३ नंतरच्या छपाईच्या, न फाटलेल्या, शाईचा डागही नसलेल्या. इथे बँकेतून घेतानाच प्रत्येक नोट उलटून बघा. तिथे एका दुमडलेल्या कोपऱ्यासाठी नकार मिळतो. बक्षिशीसाठी एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा ठेवा. रस्त्यावर दुप्पट भाव देणारे भेटतील. तो व्यवहार बेकायदा आहे आणि गठ्ठ्याच्या मधोमध छोट्या नोटा सरकवणं ही जुनी हातचलाखी.

परदेशी कंपनीला बँकेतून पैसे पाठवताना पॅन लागतं आणि टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) कापला जाऊ शकतो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात; अंदाजपत्रकात धरा.

## टप्पा ८: सामान आणि पोट

कपडे खाकी, मातकट, फिके हिरवे. गडद निळा आणि काळा टाळा, कारण त्से-त्से माश्या त्या रंगांकडे झेपावतात, विशेषतः न्कोटाकोटा अभयारण्याच्या बाजूला. लष्करी छापाचे कपडे तर नकोतच. जून-जुलैत उघड्या गाडीत पहाटे हाडं गारठतात. विंडचीटर आणि माकडटोपी न्या, 'आफ्रिका म्हणजे उन्हाळा' हे डोक्यातून काढून टाका.

प्लग इंग्लंडसारखा तीन चौकोनी पिनांचा असतो. आपल्या गोल पिना बसत नाहीत. दोन ॲडॉप्टर, एक पॉवर बँक आणि एक टॉर्च घ्या. दुर्बीण माणशी एक हवी. एका दुर्बिणीवर चौघांत भांडण झालं की तोवर बिबट्या झाडावरून उतरलेला असतो. छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण १५ किलोपर्यंत आणि मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग घेत नाहीत.

शाकाहारींनी बुकिंग करतानाच कळवावं आणि 'शाकाहारी' म्हणजे मासेही नाहीत, हे स्पष्ट लिहावं. सरोवरकाठी चांबो मासा हेच जेवण समजतात. मक्याच्या पिठाची न्सिमा, सोबत घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि पालेभाजी हे कुठेही मिळतं, आणि उकडीच्या सवयीच्या जिभेला न्सिमा परकी वाटत नाही. लिलाँग्वे आणि ब्लँटायरमध्ये जुन्या गुजराती वस्तीमुळे डाळ, पीठ, मसाले दुकानांत मिळतात. म्हणून मेतकूट, चटणी, लाडू एवढंच न्या. कुकर नेलेले लोकही मी पाहिलेत.

## टप्पा ९: जंगलात आणि पाण्यावर

सिमकार्ड विमानतळावरच घ्या, नोंदणीला पासपोर्ट लागतो. एअरटेलचा लाल फलक दिसला की बरं वाटतं, पण भारतातलं एअरटेल कार्ड म्हणून तिथे स्थानिक दरात चालत नाही.

पहिल्याच फेरीत गाइडला सांगा की तुम्हाला काय बघायचंय आणि काय नको. "सिंह दाखवा" एवढंच म्हटलंत तर तो रेडिओवर सिंहामागे धावेल आणि तुम्ही धूळ खाल. लिवोंडेत दुपारची फेरी बोटीचीच मागून घ्या. हत्ती नदी ओलांडताना दिसला तर तो तिथेच दिसेल.

इशारा: लॉजला कुंपण नसतं. पाणघोडे रात्री चरायला थेट खोल्यांपर्यंत येतात. अंधार पडल्यावर खोलीबाहेर पडायचं असेल तर पहारेकऱ्याला बोलवा, जेवणघर वीस पावलांवर असलं तरी. आणि पाणघोडा नि पाणी यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका.

शेवटी सरोवर. पाणी काचेसारखं, रंगीत मासे पायाशी येतात, आणि त्या पाण्यात बिल्हार्झिया या आजाराचा परजीवी असतो. गोगलगायींतून सुटलेली सूक्ष्म अळी कातडीतून आत शिरते. वेतांच्या आणि गवताच्या काठाला, वस्तीजवळच्या उथळ पाण्यात धोका जास्त. बोटीने खोल पाण्यात जाऊन खडकांपाशी पोहलात तर कमी, शून्य नाही. टॉवेलने खसाखसा पुसून संरक्षण होतं असं धरून चालू नका. मगरींबद्दल आधी गावकऱ्यांना विचारा, विशेषतः नदीच्या मुखाजवळ.

पोहायचं की नाही, हा निर्णय तुमचा. मी पोहतो आणि परतल्यावर तपासणी करून घेतो.

## टप्पा १०: परतल्यावर

यलो फीव्हरचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको.

मलेरियाच्या गोळ्यांचा कोर्स पुरा करा. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून क्रोसिनवर दोन दिवस काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना "मलावीहून आलोय" हे पहिलं वाक्य सांगा आणि मलेरियाची तपासणी मागा.

बिल्हार्झियाचं औषध प्राझिक्वांटेल. केप मॅक्लियरला गेलेले बरेच जण ते तिथल्या दुकानातून घेऊन निघायच्या दिवशीच गिळतात. कोवळ्या अळ्यांवर ते नीट चालत नाही, त्या मोठ्या व्हाव्या लागतात. शेवटचं पोहणं झाल्यावर किमान सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांकडे जा, रक्त आणि लघवी तपासून घ्या, मग औषध. लक्षणं नसली तरी जा. बऱ्याचदा ती नसतातच. ती तारीख परतीच्या विमानात बसल्या बसल्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.